आहेरात गेलेलं कुलूप

माझ्या थोरल्या साडूने मला फसवलं. सरळ सांगतो, उगाच आडपडदा नको. सातपूरला हातगाडीवर भंगार गोळा करत सुरुवात केली आणि आज स्वतःचं गोडाऊन उभं केलं, असा मी माणूस. कारखान्यांचे साहेब मला दारात पाहिलं की आधी पाणी पितात, मग भाव बोलतात. अशा माझ्याकडून, जन्मात कधी कोथिंबिरीच्या जुडीचाही भाव न केलेल्या माणसाने, भर गावासमोर, हसत हसत, मोराचं कुलूप काढून घेतलं. वर फेटाही मलाच बांधला.

साडूभाऊंसारखा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नाही. ओझरला विमानांच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली, पण डोक्यावरून विमान गेलं तर मान वर करणार नाहीत. वाटेत एखादा शेंदूर फासलेला दगड दिसला तर मात्र मोटारसायकल थांबलीच. इतर लोक संग्रहालय बघायला जातात, साडूभाऊ तिथे पाहुणे म्हणून जातात. धुतलेला शर्ट, डोक्याला तेल आणि हातात चिवड्याचा पुडा. कुणाच्याही घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. पुडा रखवालदाराला. एका संग्रहालयात कोपऱ्यात हात तुटलेली एक देवी उभी होती. साडूभाऊंनी खूण केली आणि त्यांच्या मंडळींनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढले. रखवालदार धावत आला.

“काका, मूर्तीला हात लावायचा नाही!”

“हात कोण लावतंय? ओटी भरतोय. इतक्या वर्षांत माहेरचं कुणी आलं होतं का हिच्याकडे?”

शेवटी ओटी त्याच्या टेबलावर भरली गेली आणि खोबरंही त्यालाच मिळालं. तो आता साडूभाऊंना दर दिवाळीला फोन करतो.

माझ्या मुलीला बघायला मंडळी आली, तेव्हा दाराशी गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्यांना यांनी परत गाडीत बसवलं आणि थेट पांडवलेण्यांना नेलं. इकडे पुरणपोळ्या निवल्या, माझं डोकं तापलं. मुलाचे वडील वाटेत म्हणाले म्हणे, “अहो, लेणी दोन हजार वर्षं थांबलीत, जेवण होईपर्यंत थांबतील की!” त्यावर साडूभाऊ म्हणाले, “लेणी थांबतील हो, तुमचे गुडघे थांबायचे नाहीत.” सगळे धापा टाकत परत आले, पोळ्यांवर तुटून पडले आणि लग्न ठरलं. मी आजही म्हणतो, ते पोळ्यांमुळे ठरलं. व्याही म्हणतात, लेण्यांमुळे.

आमची दोघांची सासरवाडी एकच. बागलाणात, साल्हेरच्या बाजूला. पुढचा डोंगर ओलांडला की गुजरात. साडूभाऊ दरवर्षी साल्हेर चढायचे आणि मला ओढत न्यायचे. माथ्यावर गेलं की वारा कानात भरतो, खाली ढग शेळ्यांसारखे चरत असतात. हा माणूस कमरेवर हात ठेवून सांगायचा, “धाकटे, तिकडे गुजरात, इकडे आपण. मध्ये कोण? आपली सासरवाडी!” जणू राज्याची हद्द सासऱ्यांनीच आखून दिली होती. मी तोंड वाकडं करायचो, पण खरं सांगतो, छाती माझीही फुगायची.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: “बघायला काय जातं?” या वाक्यापासून सावध राहायला मला आधीच कुणी सांगायला हवं होतं.

मोराचं कुलूप मला भंगाराच्या एका ढिगात सापडलं होतं. नारळाएवढं, लोखंडी, वर मोर कोरलेला. किल्ली नव्हती. ढिगाच्या मालकाशी दुपारभर घासाघीस करून ते मिळवलं होतं. मुंबईचा जुन्या वस्तूंचा व्यापारी दोनदा येऊन गेला, मी दिलं नाही. ते माझ्या टेबलावर असायचं आणि माझ्यासारखंच कुणालाही उघडत नव्हतं. एक दिवस साडूभाऊ म्हणाले, “आपल्या सासरवाडीच्या पोरांनी जुन्या चावडीत संग्रहालय मांडलंय. तिथे एक जुनी किल्ली आहे, कुलूप नसलेली. लावून बघू. बघायला काय जातं?”

मी व्यापारी माणूस. किल्लीसकट कुलूप म्हणजे काय चीज, ते मला कळतं. निघालो.

किल्ली लागली नाही. लागणारच नव्हती, ती करंगळीएवढी होती, कुणाच्या तरी पेटीची. पण मी मान वर केली तेव्हा चावडीसमोर मांडव होता, अख्खं गाव जमलं होतं आणि साडूभाऊंच्या हातात माईक होता. “गावचे धाकटे जावई, सातपूरचे कारखानदार, यांच्याकडून गावाला आहेर... मोराचं कुलूप!” टाळ्या पडल्या, हलगी वाजली. कुणीतरी माझ्या डोक्याला फेटा गुंडाळला. एक म्हातारी माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, “जवाईबापू, हाई कुलूप आते गावनं शे.”

आमच्याकडे माईकवर पुकारलेला आहेर कुणी परत मागत नाही. जावई तर नाहीच नाही. हे साडूभाऊंना पक्कं ठाऊक होतं. घरी येऊन मी भांडी आपटली, तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, “जा की, माझ्या माहेरी जाऊन आहेर परत मागा. मी मात्र सोबत येणार नाही.”

मी साडूभाऊंशी बोलणं टाकलं. पण सासरवाडीला गेलो की पाय चावडीकडे वळायचेच, आपला माल कुठे ठेवलाय ते बघायला. गेल्या दिवाळीत पहिल्यांदाच मी बाकीच्या वस्तूही नीट पाहिल्या. धान्याचं माप, ढाल, दगडी जातं, लढणाऱ्या वीराचा दगड. प्रत्येकाखाली चिठ्ठी, देणाऱ्याच्या नावाची. ज्याला विचारावं तो हसून म्हणायचा, “तुमचे साडू आले होते. म्हणाले, बघायला काय जातं?” अर्धी चावडी या माणसाने अशीच भरली आहे. आणि त्याचं स्वतःचं नाव? कुठेच नाही.

मी तसाच सरपंचबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “जावईबापू, वस्तू देणाऱ्याचं नाव लागतं. थोरल्या जावयांनी कुठली वस्तू दिली?”

“मला आणून दिलं ना गावाला!” मी ओरडलो. “मी काय सहज हलणारी वस्तू आहे?”

साडूभाऊंचे गुडघे आता गेले आहेत. आम्ही पुन्हा बोलतो. गाडी मीच चालवतो. साल्हेरच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर ते बसून राहतात आणि उतरून येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, “वर वारा होता का?” पोरं हो म्हणतात आणि त्यांचा चेहरा उजळतो. चावडीतल्या नावाचं मी बोललो, तर म्हणाले, “सोडा हो धाकटे. पाहुण्याच्या नावाची पाटी कुणी घराला लावतं का?”

त्यांनी सोडलं असेल. मी सोडणारा माणूस नाही. कुलूप ठेवा, फेटाही ठेवा. पण ज्याने गावाची चावडी भरली त्याच्या नावाला तिच्या भिंतीवर वीतभर जागा का नाही? मला उत्तर पाहिजे, तेही माईकवर, अख्ख्या गावासमोर. कोण देतंय?