उजवीकडून दुसरा पोर्ट

समजा, तुम्ही टेबलावर ओणवे झाला आहात. छातीला संगणकाची पेटी टोचतेय, हातात लेबल छापणाऱ्या प्रिंटरची वायर आहे. पेटीची मागची बाजू दिसत नाही. बोटांनी चाचपून चार पोर्ट मोजायचे आणि उजवीकडून दुसऱ्यात वायर खुपसायची. शेजारच्या पोर्टात गेली, की संगणक त्याच प्रिंटरला नवा पाहुणा समजतो आणि छापायची कामं जुन्याच्या नावाने साठवत बसतो.

रक्ततपासणीच्या त्या तळघरात हे बारा वर्षं एकीलाच जमत होतं. सगळे तिला चिकटताई म्हणत. लेबलं चिकटवायची म्हणून, आणि एकाच खुर्चीला चिकटली म्हणूनही. शिकली होती ती मायक्रोस्कोपखाली पेशी ओळखायला. त्या कामाची खोली वरच्या मजल्यावर, खिडकीची. दरवर्षी ताई बदलीचा अर्ज करी आणि दरवर्षी प्रमुख मॅडम विचारत, "तुम्ही वर गेलात तर खाली प्रिंटर कोण बघणार?"

यंदा भिंतींना रंग दिला, टेबल हललं, सगळ्या वायरी निघाल्या. मॅडम म्हणाल्या, "धाकटीने एकटीने जोडून दाखवलं, तर सोमवारपासून तुम्ही वर. पण हात लावायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही."

धाकटी म्हणजे दोन वर्षांपूर्वी लागलेली तंत्रज्ञ. ताईने तिला आदल्या दिवशीच चिठ्ठी दिली होती: उजवीकडून दुसरा.

धाकटी हुशार. ओणवं कशाला व्हायचं, म्हणून ती टेबलामागे जाऊन बसली आणि नीट बघून वायर लावली. प्रिंटर ढिम्म. इकडे रक्ताच्या नळ्यांचा दुसरा ट्रे भरत आला. लेबल नसलेली नळी म्हणजे कुणाचंच रक्त नाही.

"ताई, चिठ्ठी लिहिताना डुलकी लागली होती का?"

हाताची घडी घालून ताई टेबलाच्या कडेला गप्प उभी. मग तिच्या ध्यानात आलं. बारा वर्षं तिने पेटी पुढून चाचपली होती. तिचं उजवं ते मागून बघणारीचं डावं.

"थांबा," धाकटी पुटपुटली, "तुम्ही पुढून मोजता ना?" तिने वायर उपसली आणि बरोबर पोर्टाकडे नेली.

तेवढ्यात ताईचा हात मध्ये गेला. वायर धाकटीच्या हातातून घेतली, खुपसली. करकर करत लेबलं बाहेर आली.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही. पुढच्या वर्षी बघू."

धाकटी टेबलामागून उठली, गुडघे झटकले आणि नळ्यांचा ट्रे ताईपुढे सरकवला.

"एवढ्या नळ्या खोळंबलेल्या," घरी नवरा म्हणाला, "तुझा तरी काय इलाज होता?"

ताईने मान डोलावली. पण धाकटीच्या हातातली वायर बरोबर पोर्टापासून बोटभर अंतरावर होती आणि ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग हात पुढे गेलाच कशाला?