बुक्कीने फोडलेला कांदा

जेवताना कुणी बुक्कीने कांदा फोडला की राहुरीजवळच्या आमच्या वस्तीवरची ती सकाळ आठवते. आमच्या कुत्रीला फेफरं यायचं, आमच्याकडेच असलेल्या तिच्या म्हाताऱ्या आईलाही यायचं. झटका आला की वडील फोडलेला कांदा नाकाशी धरायचे. त्यानेच त्या सावरतात, अशी त्यांची खात्री होती. हा आजार रक्तातून पुढच्या पिढीत कसा उतरतो, यावर संशोधन करणाऱ्या एक डॉक्टर त्या मायलेकींच्या रक्ताचे नमुने घ्यायला आल्या होत्या. "यानं ही बरी व्हईल का?" वडिलांनी विचारलं. "नाही काका. पण पुढच्या पिल्लांना उपयोग होईल." वडिलांनी आमच्या कुत्रीचे कान कुरवाळले. मग तिला मांडीवर घेत म्हणाले, "घ्या. पन कांदा जवळ असू द्या, लई घाबरती ती." सुई टोचली तरी ती गप्प पडून राहिली, भोवळ वडिलांनाच आली. "अवो, कुत्री गप हाय अन् तुमीच पडलात!" म्हणत आईने तोच कांदा त्यांच्या नाकाशी धरला. डोळे उघडताच ते म्हणाले, "आता म्हातारीला आना. तिला बी मीच धरतो." त्या मायलेकी कुत्र्या केव्हाच गेल्या, यंदा वडीलही गेले. ताटातला कांदा मी अजून आधी हुंगतो, मग खातो.