उद्याबद्दल न बोलणारे हिराजी

हिराजी गेल्याचं त्यांच्या मुलीने, मंदाने, शाळेच्या फोनवर कळवलं. मी सहामाहीच्या पर्यवेक्षणाची यादी करत होते. "बाई, बाबा सकाळी गेले," एवढंच ती म्हणाली आणि मग मलाच विचारलं, "तुम्ही बऱ्या आहात ना?" त्या दिवशी माझ्या वहीत सात कामं होती. वही मिटली आणि त्यांच्या गावाची, गव्हाणची एसटी पकडली. त्याला आता दीड महिना होत आला...

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. पनवेलला शाळा सुटल्यावर मी एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर इंग्रजी बोलण्याचा वर्ग घ्यायचे. गिरणी चालू झाली की फरशी थरथरायची, त्यामुळे माझे जुने विद्यार्थी अजूनही इंग्रजी जरा ओरडूनच बोलतात. तिकडे उरणच्या बाजूला बंदर उभं राहिलं होतं आणि कायम नोकरीच्या मुलाखती इंग्रजीत होतात असं कळल्यापासून खाडीकाठची मोठी माणसं वह्या घेऊन येऊ लागली होती. हिराजी त्यांतलेच. धंदा मासेमारीचा, पण हात इंजिनात. कुणाची होडी बंद पडली की त्यांना बोलावणं यायचं. बंदराच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकची जागा निघाली होती आणि वयाच्या अटीत ते जेमतेम बसत होते. ही संधी हुकली की पुन्हा अर्जच करता येणार नव्हता. खाडीत मासळी कमी होत चालली होती, त्यामुळे घरच्या सगळ्यांचे डोळे या एका मुलाखतीकडे लागले होते.

मी फळ्यावर तीन रकाने आखायचे. काल, आज, उद्या. काल जमलं ते 'आय कुड', आज जमतं ते 'आय कॅन', उद्या जमेल ते 'आय विल बी एबल टू'. प्रत्येकाने स्वतःच्या कामातली वाक्यं करायची. हिराजींनी घरून दहा वाक्यं लिहून आणली. पहिले दोन रकाने भरलेले, तिसऱ्यात पट्टीने आखलेल्या नुसत्या रेघा. मला वाटलं, डोक्यात शिरलेलं नाही. पुन्हा शिकवलं. पुन्हा तेच.

"हिराजी, मुलाखतीत नेमकं हेच विचारतील. पाठ करा."

"पाठ हाय, बाई."

"मग म्हणा!"

"तेवढं नाय बोलनार."

शेजारी बसलेला त्यांचा गाववाला खिदळला. "बाई, त्याला बायको पन इचारत नाय, उद्या म्हावरं आनशील का म्हनून!" सगळे हसले. हिराजी मात्र हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या घरात होडी सोडताना कोन बोलत नाय, एवढं आनीन म्हनून. माजा बाप एकदाच बोल्ला... होडी आली, तो नाय आला." आणि मी, कामाची घाई असलेली बाई, काय म्हणाले? "हिराजी, ही मुलाखत आहे, समुद्र नाही." त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "मशीन समुद्राच्या पान्यावरच चालनार ना, बाई?"

मी मनातल्या मनात त्यांचं नाव नापासांच्या यादीत टाकून मोकळी झाले.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आले. साहेबांनी विचारलं होतं, नवीन परदेशी इंजिनं येणार आहेत, ती दुरुस्त करता येतील का? "मंग मी बोल्लो, यस्टरडे आय कुड. टुडे आय कॅन. टुमॉरो, सर, प्लीज आस्क मी टुमॉरो." मी कपाळावर हात मारून घेतला. साहेब लोकही हसले म्हणे. पण त्यांच्यातला एक वयस्कर इंजिनिअर उठला, हिराजींना थेट वर्कशॉपमध्ये घेऊन गेला, हातात पाना दिला आणि बंद पडलेल्या पंपाकडे बोट दाखवलं. तासाभराने पंप चालू झाला. महिन्याभरात नेमणुकीचं पत्र आलं. ते दाखवायला हिराजी आले तेव्हा दुसऱ्या हातात जिताडा मासा होता, माझ्या कोपरापर्यंत लांब.

पुढे त्यांच्या हाताखाली नवीन माणसं आली. त्यांना हिराजींनी "जमेल का?" असं कधीच विचारलं नाही. पाना हातात द्यायचा आणि बाजूला उभं राहायचं. "इचारलं का मानूस उगाच हो बोलतो, नायतर भिऊन नाय बोलतो. काम दिलं का दोगांनाबी कळतं," असं त्यांचं म्हणणं. अधूनमधून घरी यायचे तेव्हा माझ्या टेबलावरची उद्याच्या कामांची यादी बघून म्हणायचे, "बाई, देवाची सही घेतली का हिच्यावर?" मी चिडायचे. यादी मात्र हळूहळू लहान होत गेली, हेही खरं.

शेवटची भेट गेल्या वर्षीच्या दिवाळीतली. मंदा इंग्रजी घेऊन बी. ए. झाली होती. "शिकली, पन चार मानसांसमोर उभी राहत नाय," ते म्हणाले. मी नेहमीच्या सवयीने दोन-तीन उपाय सुचवले. त्यांनी ऐकून घेतलं, चहा संपवला आणि निघाले.

गेल्या आठवड्यात मी मंदाला माडीवर बोलावलं. विचुंब्याच्या नव्या वसाहतीतल्या चौदा बायका हल्ली वर्गाला येतात. "जमेल ना गं तुला?" अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. तिच्या हातात खडू दिला आणि बाजूला उभी राहिले. पहिलं वाक्य फळ्यावर तिरकं गेलं, आवाज खालच्या गिरणीच्या घरघरीत बुडाला. मागून एक बाई ओरडली, "अगं, मोठ्याने बोल की! गिरणीला शिकवतेस का आम्हाला?" मंदाला हसू आलं. मग तिने पुन्हा सुरुवात केली, या वेळी खणखणीत. लिहिता लिहिता खडू मोडला... तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. बोलणं चालू ठेवून, दुसरा खडू घ्यायला माझ्यापुढे नुसता हात केला.