रविवारची पंगत

पुण्यातल्या मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. आठवडाभर आग्रहाने पोळी वाढणाऱ्या काकू रविवारी दुपारी फीस्ट घालून कुलूप लावतात. त्यांनाही घर आहे, तक्रार नाही. पण हडपसरच्या आयटी कंपनीत नव्याने लागलेल्या आम्हा दोघा वऱ्हाडी पोरांना ती संध्याकाळ खायला उठायची. चहा-बिस्किटांवर भागवायचो.

एकदा टपरीवर माझ्या रूममेटला कुणीतरी म्हणालं, "जेवायला चला की, घरचंच आहे." बिबवेवाडीत एका दादांकडे दर रविवारी पंगत बसायची. सुरुवातीला मीही गेलो. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. ऑफिसात शेजारी बसणाऱ्याला माझं गाव माहीत नव्हतं. दादांनी मात्र पुढच्या वेळी आठवणीने आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. जेवणानंतर ते बोलायचे. आधी व्यायाम, शिस्त वगैरे. मग हळूहळू, आपल्या सगळ्या दुःखांना एकच समाज कसा कारण आहे, ते. ज्याची आमटी नुकतीच भुरकली त्याच्याशी वाद घालणं जड जातं, हे दादांना पक्कं ठाऊक असावं.

मी जाणं सोडलं. त्यात शहाणपण कमी आणि भित्रेपणा जास्त होता. रूममेट मात्र जात राहिला, आधी रविवारी, मग रोज. आम्हाला बाइकवरून घरी सोडणारा आमच्या टीममधला एकजण त्याच समाजातला. त्याच्याशी याने बोलणं टाकलं.

"अबे, त्यानं काय वाकडं केलं तुयं?" मी विचारलं.

"तुले नाही समजनार."

कॉलेजपासून आम्ही एका ताटात जेवलेलो. त्या दिवशी त्याने माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं. महिन्याभरात नोकरी सोडून तो तिकडेच राहायला गेला. मी भेटायला गेलो, तर "तो कामात आहे" असं दारातूनच सांगितलं, तेही चहाचं विचारून. एवढ्या मोठ्या शहरात माझं म्हणावं असं तेच एक माणूस होतं, आणि ते गेलं.

मग त्याच्या आईचा फोन आला. सगळं सांगून टाकायचं मी ठरवलं होतं. पण तीच आधी बोलली, आणि तिचा इतका मोकळा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"त्याले तिथं घरच्यासारखी मानसं भेटली बाप्पा. आता मले घोर नाही. तुले भेटली का रे कोनी?"

"भेटतील," मी म्हणालो.