डॉक्टरच्या हातची जखम

सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे, आणि म्हणताना हसायचे. खरा डॉक्टर जखमा बऱ्या करतो. हा धडधाकट माणसाला खुर्चीत बसवून त्याच्या अंगावर जखम करून द्यायचा. सिनेमाचा रंगभूषाकार तो. मेण, डिंक, लाल रंग, थोडी काळी पूड आणि तोंडाची अखंड टकळी. "हलू नकोस रे बाबा, मेलायस तू!" असं तो ओरडला की अख्खी खोली खो खो हसे.

धाकट्या बहिणीला मात्र तो देवासारखा. तिचा एकुलता एक मुलगा लढाईत गेला तेव्हा घरादारानं हंबरडा फोडला. हा एकटा ताठ उभा. त्यानंच तिच्याबरोबर पोराचं अंग पुसलं, कपडे चढवले. "दादा होता म्हणून मी सावरले," असं ती येईल त्याला सांगायची.

पुढे युद्धावरचा एक मोठा सिनेमा त्याच्याकडे आला. दिग्दर्शक महाखवट. "ही जखम आहे की टोमॅटोचा सॉस?" डॉक्टरचा पारा चढला. त्यानं सगळं खरवडून काढलं आणि विचार न करता, नटाच्या मानेवर हात जाईल तसा जाऊ दिला. दिग्दर्शक बघतच राहिला. त्यानं कॅमेरा त्या मानेच्या अगदी जवळ नेला.

मग काय, स्वारी हवेत! पहिल्याच खेळाला बहिणीला घेऊन गेला. अहो, जिचा पोरगा लढाईत गेला तिला लढाईचा सिनेमा दाखवू नये, एवढी साधी अक्कल नको? पण "माझं काम बघायला चल," म्हणून हट्टच धरला. त्याच्याखातर ती आली, त्याचा हात धरून थिएटरचा जिना चढली.

सिनेमा दिसायला काय झकास! आग, धूर, रणगाडे, लालबुंद आकाश. पण जीव गुंतेल तर शपथ. माणसं पटापट पडत होती. कोण कुणाचा, घरी कोण वाट बघतंय, कशाचा पत्ता नाही. मागे कुणीतरी खुशाल मोठ्ठी जांभई दिली. डॉक्टरला त्याचं काय? तो आपल्या जखमेची वाट बघत होता.

आणि ती आली. भिंतीएवढी. कानामागून निघून गळ्यापर्यंत गेलेली, कडेनं भाजून काळी पडलेली, मधे बोटभर कातडी शाबूत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ही आपण कुठे पाहिली होती, ते डॉक्टरला आत्ता कळलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी बघायची हिंमत झाली नाही.

बाहेर आल्यावर कठड्याला धरून ती म्हणाली, "त्या मुलाला आई नव्हती का रे?"

"दाखवली नाही," तो पुटपुटला. "अगं, मी मुद्दाम नाही केलं. हात आपोआप गेला."

"अगदी तश्शीच केलीस. ती बोटभर कातडीसुद्धा."

ती चिडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती नुसती त्याच्याकडे बघत होती, आणि त्याला वर बघवेना.

"तेव्हा तू रडला नाहीस, दादा. मला वाटलं, माझ्यासाठी धीर धरलायस."

त्यानं हात पुढे केला.

"तू जखम बघत होतास होय," ती म्हणाली, आणि कठडा धरून एकटीच जिना उतरू लागली.