कोरा रुपया आणि दोन जावई

आमच्या सासुरवाडीला चांदीचं ताट एकच होतं आणि जावई दोन होते.

बाकी लाखनीच्या त्या घरात कशाचीही वाण नव्हती. मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, हायवेवर लुगड्यांचं दुकान, मागे धानाची शेती, गोठ्यात दुभतं. पण ताट एकच! दिवाळीला आम्ही दोघं पाटावर बसलो की ते एका वर्षी माझे थोरले साडू मधुकरराव यांच्यापुढे येई आणि दुसऱ्या वर्षी माझ्यापुढे. उरलेल्याला स्टील. ही पाळी सासूबाईंनी लावून दिली होती आणि घरात त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नसे. ज्या वर्षी स्टील माझ्या वाट्याला येई त्या वर्षी मला अनारसे कडू लागत. (मधुकररावांना लागत नसत. हाच तर त्यांचा मोठा दुर्गुण! त्यांना कशाचंच काही वाटत नसे.)

सत्तरीचं दशक संपता संपता मधुकररावांचा रुपया निघाला आणि पाळी मोडली.

हा रुपया मूळचा मामाजींचा. त्यांनी कधीकाळी बँकेतून कोऱ्या करकरीत रुपयांची एक कागदी गुंडाळी आणून तिजोरीत ठेवली होती. पन्नास सालचे, शुद्ध निकेलचे रुपये. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला गव्हाची कणसं. मुलींच्या लग्नात त्यांनी दोन्ही जावयांच्या हातावर त्यातला एकेक ठेवला आणि बाकीचे पुढे दुकानाच्या गल्ल्यातून कुठल्या कुठे गेले. मधुकरराव चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत स्टोअरकीपर. वस्तू जपून ठेवण्याचाच पगार घेणारा माणूस! त्यांनी आपला रुपया कापसात गुंडाळून काडेपेटीत ठेवून दिला. मी माझा लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मित्रांना पान खाऊ घालून मोडला.

त्या दिवाळीला फराळ झाल्यावर मधुकररावांनी खिशातून ती काडेपेटी काढली आणि हळूच उघडली.

"नागपूरच्या एका नाणीवाल्याले इचारलं," ते म्हणाले. "तो म्हने, असा कोरा रुपया आता भेटत नाही. मोठी किंमत आहे. पन बोट नाही लागलं पाहिजे. बोट लागलं का खलास!"

मग दुसऱ्या खिशातून त्यांनी खाणीतला लोहचुंबक काढला आणि रुपयाजवळ नेला. रुपया टुणकन उडी मारून त्याला चिकटला.

"पाहा. असली निकेल."

मामाजींचे डोळे भरून आले. माझेही भरून आले, पण कारण वेगळं होतं.

"त्यात काय मोठं?" मी म्हणालो. "कोऱ्या रुपयाचा चहा काही जास्त गोड नसते."

"तुमच्या रुपयाचं तर पानच आलं होतं," माझी बायको शांता सगळ्यांदेखत म्हणाली.

त्या वर्षी ताटाची पाळी माझी होती. सासूबाई स्वयंपाकघरातून ताट घेऊन आल्या, माझ्यापाशी क्षणभर थबकल्या आणि सरळ पुढे जाऊन मधुकररावांसमोर वाकल्या.

"यंदा राहू द्या, जवाईबापू," त्या मला म्हणाल्या. "मोठ्या जवाईबापूनं घरची निशानी सांभाळली नं!"

यंदा म्हणता म्हणता पुढच्या दोन दिवाळ्याही तसंच झालं. मी स्टीलच्या ताटात स्वतःचं तोंड पाहत जेवत होतो आणि ते तोंड दिवसेंदिवस लांबट होत चाललं होतं.

शेवटी मीही कंबर कसली. जुन्या रेडिओतला चुंबक काढला आणि भंडाऱ्याच्या आमच्या कापडाच्या दुकानात गल्ल्यावर ठेवला. गिऱ्हाइकानं रुपया दिला की लाव चुंबकाला! चिकटला की घे उजेडात आणि बघ, कोरा आहे का. कोरा कसला? कणसं झिजून गवत झालेलं, सिंहांच्या नाका-डोळ्यांचा पत्ता नाही!

"काहून जी, माह्या पैशावर भरोसा नाही का तुमचा?" एक म्हातारी पातळ तिथंच टाकून निघून गेली.

मग मी देवळात आरतीच्या तबकात चुंबक फिरवू लागलो. पुजाऱ्यानं माझा हात धरला. (मी खरोखर फक्त बघत होतो! पण देवळात हात धरला गेला की माणूस काय बघत होता हे कोणी विचारत नाही.) गावभर बोभाटा झाला आणि शांता घरी येऊन कपाळाला हात लावून बसली.

"कायले जीव खाऊन राहिले लोकायचा?" ती म्हणाली. "तुमचा रुपया माह्यापाशी आहे."

"माझा? मी तर मोडला होता!"

"तुमी मोडला तो दुसरा होता. बाबानं देला तो मी त्याच राती तुमच्या खिशातून काढून शालूच्या घडीत ठेवला अन् तिथं साधा रुपया ठेवला. तुमचा भरोसा होता का मले?"

लग्नाच्या पहिल्याच दिवशी बायकोनं आपल्याला इतकं अचूक ओळखावं याचं कोणा दुसऱ्याला वाईट वाटलं असतं. मी आनंदानं नाचलो! शालूची घडी उलगडली आणि आत रुपया असा लखलखत होता की मधुकररावांच्या काडेपेटीनं लाजून पेट घ्यावा.

पुढच्या दिवाळीत भाऊबीज होताच मी लाखनीला सगळ्यांसमोर जाहीर केलं, "चला साडभाऊ, नागपूरले! दोन्ही रुपये एकाच दिवशी, एकाच मानसाले दाखवू. कोनाचा भारी ते त्यालेच ठरवू द्या."

"दोन्ही एकाच गुंडाळीतले आहेत. सारखेच निघतीन," मधुकरराव शांतपणे म्हणाले.

सारखे निघून मला काय करायचं होतं? मला भारी निघायला हवा होता!

आम्ही लाल गाडीत बसलो. मी खिडकीशी, मधुकरराव शेजारी. गाडी सुटल्यापासून माझ्या मनात एकच किडा वळवळत होता, त्यांचा रुपया माझ्यापेक्षा चकचकीत तर नसेल? शेवटी राहवेना.

"साडभाऊ, जरा उजेडात दोन्ही पाहू नं."

"गाडीत नका काढू."

"काहून? भेव वाटते का?"

त्यांनी उसासा टाकून काडेपेटी उघडली. मी माझा रुपया काठाला धरून खिडकीत उन्हात नेला. काय तेज होतं! मधुकररावांचा जरासा फिका वाटला. (अजूनही मी याच मताचा आहे.) मी त्यांना ते सांगणार, एवढ्यात गाडी वैनगंगेच्या पुलावर चढली.

आता भंडाऱ्याच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पूल आला की गाडीतला माणूस गप्पा थांबवतो, खिशातलं नाणं काढतो, कपाळाला लावतो आणि नदीत सोडतो. मी आईच्या मांडीवर होतो तेव्हापासून हे करत आलोय. त्यात डोक्याचा काही संबंध नसतो, सगळं हातच करतो. मागच्या बाकावरची एक बाई ओरडली, "वैनगंगा माय!" माझ्या हातात नाणं होतं. हात कपाळाला गेला. हात खिडकीबाहेर गेला. हात रिकामा परत आला!

मी हाताकडे पाहिलं. मधुकररावांनी हाताकडे पाहिलं.

"थांबवा!" मी किंचाळलो. "गाडी थांबवा!"

कंडक्टर धावत आला. "कोन पडलं जी?"

"रुपया पडला!"

"एका रुपयासाठी गाडी थांबवू?"

"तो एका रुपयाचा नव्हता!"

"मंग कितीचा होता?"

"तेच तर पाहाले जाऊन राहिलो होतो!"

गाडी पूल ओलांडून थांबली आणि अख्खी गाडी खाली उतरून कठड्याशी आली. मधुकररावांना उपाय सुचला. (सुचणारच! त्यांना नेहमी सुचतं.) निकेल चुंबकाला चिकटतं, म्हणून त्यांनी खिशातला लोहचुंबक टपावरच्या सामानाच्या दोरीला बांधला आणि नदीत सोडला. पहिल्या खेपेला एक गंजका विळा वर आला.

"माहा आहे!" एक प्रवासी म्हणाला आणि घेऊन गेला.

दुसऱ्या खेपेला चुंबक तळाशी कशाला तरी असा घट्ट चिकटला की दोरी तुटली. माझा रुपया गेलाच, वर साडूचा चुंबकही गेला.

"जाऊ द्या, साडभाऊ," मधुकरराव माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. तो हात मी आयुष्यात विसरणार नाही. इतका वजनदार होता!

नागपुरात नाणीवाल्यानं त्यांचा रुपया भिंगातून उलटसुलट पाहिला आणि सांगितलं की याची एक नवी कोरी सायकल येईल. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि आपलं नाणं?"

"वाटेत राहिलं," मी म्हणालो.

खाली मान घालून लाखनीला परतलो, तर सासूबाई दारात आरती घेऊन उभ्या! त्याच गाडीतल्या कोणीतरी आमच्याआधी गावात बातमी पोचवली होती, पण अर्धीच.

"जवाईबापू," सासूबाई माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "एवढा मोलाचा रुपया! अन् नागपूरले इकाले नेता नेता मायले वाहून देला! कोनाच्या हातून सुटते असं?"

सुटलाच होता, त्यामुळे मला खोटं असं काहीच बोलावं लागलं नाही.

"मनात आलं, मामीजी," मी डोळे मिटून म्हणालो. "पैसा काय, आज आहे, उद्या नाही."

त्या दिवशी चांदीचं ताट माझ्यापुढे आलं! शांता पदर तोंडात कोंबून आत पळाली. मधुकररावांपुढे स्टील आलं. त्यांनी अनारसा अर्धाच खाल्ला. मला लगेच कळलं. ती चव मी चांगली ओळखत होतो!

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे निघालो. मधुकरराव आणि त्यांची बायको चिखल्याला, आम्ही भंडाऱ्याला, आणि सासूबाई आमच्याकडे चार दिवस राहायला, सगळे एकाच गाडीत. पूल आला. मी खबरदारी म्हणून दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो. तेवढ्यात मधुकरराव उठून उभे राहिले. त्यांनी काडेपेटी उघडली, रुपया सगळ्यांना दिसेल असा उंच धरला, मोठ्यानं "वैनगंगा माय!" म्हणाले आणि दिला फेकून!

"अहो, सायकल गेली!" त्यांची बायको ओरडली.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"याले म्हनतात दान," त्या म्हणाल्या. "मोल करून आनलं अन् मंग वाहिलं."

"पण मामीजी," मी कळवळून म्हणालो, "माझाही तेवढाच होता! माझा तर जास्त चमकत होता!"

"असन जी. पन तुमचा कोनं पाहिला?"

मधुकरराव खाली बसले आणि खिडकीबाहेर पाहत स्वतःशीच हसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कशाचंतरी काही वाटलं होतं, आणि तेही नेमकं मलाच महागात पडलं. ताट पुन्हा गेलं ते गेलंच. पण खरं सांगू? आता माझा साडूवर काडीचाही राग नाही. ते बिचारे माझ्याइतकेच नागवले गेले. पुलावर गाडी आली की सगळे हात जोडतात, मी मात्र तोंड फिरवून बसतो. एकाच गुंडाळीतली ती कोरी जोडी आज एकट्या वैनगंगेजवळ आहे, आणि किंमत विचारायला ती कधी नागपूरला जात नाही!