खटखटचा हात

९ ऑक्टोबरला सकाळी मी ऑफिसला निघायच्या गडबडीत असताना आमच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या, वर राहणाऱ्या टंकलेखकाने माझ्या हातावर अकराशे पंचवीस रुपये ठेवले. महिना तीनशे पंच्याहत्तर, असा तीन महिन्यांचा इंटरनेटचा आगाऊ वाटा. आमच्या इमारतीत आठ घरांत मिळून एकच जोडणी आहे. तिचा राउटर तळमजल्यावर, माझ्या दारासमोरच्या पॅसेजमध्ये भिंतीवर लावलेला आहे. वर्गणी मी गोळा करतो, म्हणून तो मला खजिनदार म्हणतो.

"खजिनदार, मी असेन नसेन, लाइन चालू राहिली पाहिजे."

"असेन नसेन काय? डोक्यातली गाठ काढायला चाललायस, डोकं नाही."

"डोकं काढलं असतं तरी आपल्या ऑफिसात कुणाच्या लक्षात आलं असतं?"

त्या ऑफिसात आम्ही सत्तावीस वर्षे एकत्र काढली होती. मी हिशेबात, तो मधल्या लाकडी पार्टिशनपलीकडे टाइपरायटरवर. तरुणपणी कपाटाच्या खणात सापडून त्याच्या डाव्या हाताचे एक बोट कायमचे ताठ झाले होते. त्यामुळे त्याच्या टायपिंगला एक चाल होती. दोन झटपट, मग एक अडखळ, मग तीन घाईघाईने, झालेला उशीर भरून काढल्यासारखे. खुर्चीवर तो आहे हे न पाहता कळायचे. सगळे त्याला खटखट म्हणायचे. लग्न केले नाही. साहेबांनी एकदा कारण विचारले तेव्हा म्हणाला, "मजकूरच कुणी दिला नाही, साहेब."

निवृत्तीनंतर लोक सहलींना जातात. याने ऑफिसने मोडीत काढलेला एक संगणक विकत घेतला, वाचनालयातून पुस्तके आणली आणि बसल्या बसल्या लिनक्स शिकला. तो संगणक दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या घरात, कपड्यांच्या कपाटात कायम चालू असतो. त्याला तो सर्व्हर म्हणतो. रोजनिशी, फोटो, आईची पत्रे, सगळे त्यात. "आपला माल दुसऱ्याच्या गोदामात कशाला?" असे त्याचे म्हणणे.

इस्पितळ परगावी होते आणि तिथून त्याला या सर्व्हरवर यायचे होते. पण जोडणी सामायिक असल्याने बाहेरून पाहणाऱ्याला आमची आठही घरे एकच दिसतात. नेमके त्याचे दार बाहेरून ठोठावता येत नाही. त्यावर त्याने काढलेली युक्ती त्याने मला जिन्यात उभ्या उभ्या समजावली.

"बाहेरून आत फोन लागत नाही ना? मग आतल्याने बाहेर लावायचा आणि ठेवायचाच नाही. बाहेर एक छोटं मशीन मी भाड्याने घेतलंय. माझा सर्व्हर त्याला फोन लावून बसतो. मी तिकडून त्या मशीनवर जायचं आणि त्याच लाइनने घरात शिरायचं."

"आणि मध्येच लाइन तुटली तर?"

"आपोआप पुन्हा लावतो. शिवाय दर अर्ध्या मिनिटाला नुसतं 'हं' म्हणतो. समोरच्याला वाटायला नको, झोपलो म्हणून."

किल्ली माझ्याकडे होती. ऑफिसातून आलो की वर जायचे, कुंड्यांना पाणी घालायचे, पडद्यावर त्याने सकाळी लिहिलेली ओळ वाचायची आणि खाली एका बोटाने उत्तर लिहायचे. 'इथली नर्स तुझ्यासारखी आहे. गोळ्या दोनदा मोजते.' मी लिहिले, 'तरी एक कमी भरेल.' त्याने मला एक शब्दही शिकवून ठेवला होता. 'हू' असे टाइप केले की आत्ता आत कोण कोण आहे ते सर्व्हर सांगतो. मला ते आवडले. हजेरीपटासारखे होते.

२४ ऑक्टोबरला शस्त्रक्रिया झाली आणि खटखट शुद्धीवर आला नाही.

शिवणकाम शिकवणारी त्याची धाकटी बहीण सोबत गेली होती. बाराव्या दिवशी, मंगळवारी तिचा फोन आला. "भाऊ, डॉक्टर म्हणतात आता श्वास घेतंय ते मशीनच. शुक्रवारी माझी सही मागितलीय. बंद करायला. मी एकटी कशी ठरवू? तुम्ही सांगा ना काहीतरी."

बुधवारी सकाळी दाराला कुलूप लावताना नजर राउटरकडे गेली. त्यावरचा हिरवा दिवा दिवसभर लुकलुकतच असतो; आठ घरांची ये-जा असते. पण त्या लुकलुकण्यात मला काहीतरी ओळखीचे दिसले. दोन झटपट. एक अडखळ. तीन घाईघाईने.

मी किल्ली खिशात टाकली आणि ऑफिसला न जाता वर गेलो. 'हू' विचारले. पडद्यावर एकच ओळ आली: त्याचे नाव, बाहेरून आलेला, आत शिरल्याची वेळ २४ ऑक्टोबर, सकाळी सहा चाळीस. आम्ही एकमेकांना ओळी लिहायचो त्या फाइलमध्ये मात्र नवे एक अक्षर नव्हते. बहिणीला फोन करून विचारले, त्याचा लॅपटॉप कुठे आहे?

"लॉजवर, कपाटात. बॅटरी कधीच संपलीय. का हो?"

"काही नाही," मी म्हणालो.

नाव अडकून राहिले असेल, असे समजता आले असते. दिव्याचे समजता येत नव्हते. आणि आठ घरांच्या गर्दीत मी जे पाहिले ते माझ्या मनाचे खेळ नाहीत कशावरून? मी हिशेबाचा माणूस. गोळाबेरजेवरून कुणाला सही करा किंवा करू नका असे सांगणार नाही. मी घरोघर गेलो आणि चार वाजता दहा मिनिटे सगळ्यांनी इंटरनेट बंद ठेवावे, अशी विनंती केली. कारणही खरे ते सांगितले.

"दहा मिनिटं?" शिंपी म्हणाला. "बायको म्हणते तास घ्या, तेवढ्यात हे माझ्याशी बोलतील."

बँकेतल्या बाई म्हणाल्या, "दिव्यावरून माणूस ओळखणार? तुमची सुट्टी शिल्लक आहे वाटतं." पण चारला पाच मिनिटे असताना त्याच सगळ्यांत आधी खाली आल्या.

पॅसेजमध्ये आम्ही नऊ-दहा जण उभे होतो. पहिल्या मजल्यावरच्या आजींना मी खुर्ची दिली. चार वाजले. दिवा स्थिर झाला. अर्ध्या मिनिटाने एकदा मिटला, उघडला. सर्व्हरचे 'हं'. पुन्हा अर्ध्या मिनिटाने. सहा मिनिटे एवढेच चालले. शिंप्याने खाकरून घेतले आणि मला पहिल्यांदा माझीच लाज वाटली.

सातव्या मिनिटाला दिवा लुकलुकू लागला. दोन, अडखळ, तीन.

माझ्या शेजारी टकटक ऐकू आली. आजी खुर्चीच्या हातावर बोटाने ठेका धरत होत्या. दिव्याच्या बरोबर नाही, किंचित आधी. अडखळसुद्धा बोट आधी घ्यायचे, मग दिवा.

"अरे, हा तर वरचा," त्या म्हणाल्या. "चार वर्षं माझ्या डोक्यावर बडवतोय मेला. घरी आला कधी?"

बँकेतल्या बाईंनी शेजारणीचा दंड धरला होता.

माझ्या फोनमधले पैसे सकाळीच संपले होते. आजींच्या घरातला फोन उचलून मी बहिणीला लावला आणि म्हणालो, "ताई, सही करू नका."

"का?"

"तो टाइप करतोय."

ती बराच वेळ रडत होती. मग शांतपणे म्हणाली, "काय टाइप करतोय?" ते मला माहीत नव्हते. तसेच सांगितले. शुक्रवारी तिने सही केली नाही. पुढच्या मंगळवारी खटखटने डोळे उघडले.

डिसेंबरात तो घरी आला. बोलतो नीट, स्मरण शाबूत. पण डावा हात उचलत नाही. उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतो. टक. टक. टक. ऐकवत नाही. त्या दिवसांत काय लिहीत होतास, असे मी विचारले.

"काहीच आठवत नाही. झोपलो आणि उठलो."

त्याला दिव्याचे पटले नाही. म्हणून एका रविवारी पुन्हा चार वाजता सगळ्यांनी बंद केले. तो माझ्या शेजारी खुर्चीवर बसला, दोन्ही हात मांडीवर. चौथ्या मिनिटाला दिवा सुरू झाला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"हात माझाच आहे," तो म्हणाला.

आम्ही वर गेलो. त्याने एका बोटाने 'हू' विचारले. दोन ओळी आल्या. दोन्हींत त्याचेच नाव. एक आत्ताचा, घरातला. दुसरा बाहेरचा, २४ ऑक्टोबर, सहा चाळीस.

"काढून टाक त्याला," मी म्हणालो. "एका ओळीचं काम आहे ना?"

"अर्ध्या ओळीचं." बोट कळेवर ठेवून तो बसून राहिला. मग हात मागे घेतला. "खजिनदार, दोघांतला परत आलेला मीच आहे, हे कशावरून? त्याला काढलं आणि मीच गेलो तर?"

इतक्या वर्षांत त्याने मला विचारलेला हा एकच प्रश्न असा होता की ज्याचे उत्तर मी मागाहून शोधूनही देऊ शकलेलो नाही. कपाटातला संगणक चालू आहे. पॅसेजमधल्या दिव्याकडे आता इमारतीत कुणी पाहत नाही. पायऱ्या उतरताना मुद्दाम दुसरीकडे बघतात.

आजींच्या घरून केलेला तो फोन सव्वीस मिनिटांचा झाला. त्याचे एकोणचाळीस रुपये मी अजून त्यांना देणे आहे.